हिशेबनिसाच्या दारातली नदी

पेंटरचा सगळा जन्म अक्षरांत गेला होता. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, 'इथे गाडी लावू नये' असल्या दमदाटीच्या पाट्या. त्याचं अक्षर इतकं देखणं, की त्याने रंगवलेली 'दुकान बंद आहे' ही पाटी वाचायलासुद्धा माणसं थांबायची. चित्र म्हटलं मात्र, की त्याला दरदरून घाम फुटायचा. एका दूधवाल्याच्या आग्रहाला बळी पडून त्याने एकदा गाय काढली होती. ती पाहून लोक दूधवाल्याला विचारू लागले, की कुत्रा चावतो का. तेव्हापासून पेंटरने चित्रांच्या बाबतीत कानाला खडा लावला होता.

त्यामुळे पाणीपुरवठा कचेरीच्या भिंतीवर अख्खी नदी रंगवायचं काम त्याने घेतलं, असं म्हणणं बरोबर नाही. ते त्याच्या बायकोने घेतलं.

बाई गेली होती तक्रार करायला. त्यांच्या नळाला सकाळी पाणी यायचं ते जेमतेम खोकायचं आणि निघून जायचं. तक्रारीच्या खिडकीवर गर्दी पाहून ती सरळ लांबच लांब व्हरांडा ओलांडून टोकाला साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. साहेब त्या वेळी दारातून व्हरांड्याच्या उघड्याबोडक्या भिंतीकडे बघत बसले होते. कचेरीचा सुवर्णमहोत्सव तोंडावर आला होता, वरच्या कचेरीतून मोठे साहेब येणार होते, आणि भिंतीवर दाखवायला पोपडे सोडून काही नव्हतं.

"एखादी नदी काढून घ्यावी म्हणतो," साहेब आपल्याशीच बोलावं तसं बोलले. "उगमापासून समुद्रापर्यंत."

"मग आमच्या ह्यांना सांगा की," बायको म्हणाली.

"नदी जमते त्यांना?"

"जमते म्हणजे? झोपेत काढतील."

"आधी कुठे काढलीय?"

"आजवर कुणी मागितलीच नाही."

घरी येऊन तिने ही बातमी सांगितली, तेव्हा पेंटरच्या हातातला ब्रश गळून पडला. पाचपन्नास सबबी सांगून झाल्यावर त्याने शेवटी विचारलं, "आणि नळाचं काय म्हणाले?"

"अगंबाई," बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "ते राहिलंच की!"

दुसऱ्या दिवशी तो शिडी आणि डबे घेऊन कचेरीत हजर झाला. सोबत बायकोही आली. हा निम्म्यातून पळून येईल अशी तिला खात्रीच होती. व्हरांडा लांबलचक होता. आत शिरताच डाव्या हाताला तक्रारीची खिडकी, मग नकाशांची खोली, मग हिशेबखातं, मग पुरुषांचं आणि बायकांचं स्वच्छतागृह, आणि अगदी टोकाला साहेब. उजवीकडे नुसत्या खिडक्या आणि त्यांच्याखाली बाकडी. साहेबांची फर्माइश साधी होती. डोंगर प्रवेशद्वाराशी हवेत आणि समुद्र त्यांच्या दाराशी. "नाहीतरी शेवटी सगळं माझ्याकडेच येतं," ते म्हणाले, आणि एवढा मोठा उसासा सोडला, की टेबलावरचे कागद हलले.

पेंटरने पाट्यांचा अनुभव पणाला लावला. प्रवेशद्वाराशी छताजवळ खिळा ठोकला, साहेबांच्या दाराशी जमिनीजवळ दुसरा, आणि मध्ये दोरी ताणून खडूची सरळ रेघ मारली. इथून पाणी निघणार, तिथे पोचणार. झालं!

तेवढ्यात मागून आवाज आला, "ही नदी आहे की घसरगुंडी?"

नकाशांच्या खोलीतल्या बाई होत्या त्या. सगळे त्यांना नकाशाबाई म्हणत. उन्हाने रापलेल्या, पायात दणकट बूट. उभ्या आयुष्यात त्यांनी इतक्या नद्या काठाकाठाने पायी पालथ्या घातल्या होत्या, की घरच्यांनी त्यांच्या लग्नाचा नाद सोडून दिला होता. कचेरीत त्यांना नदीबद्दल कुणी काही विचारत नसे, कारण एकदा विचारलं की संध्याकाळ व्हायची.

पेंटरने विचारलं आणि त्याची संध्याकाळ झाली. बाईंनी एक मोठी पत्र्याची परात आणली, त्यात वाळू भरली, एका बाजूला विटा लावून ती तिरकी केली, आणि किटलीने वरून बारीक धार सोडली. पाण्याने वर वाळूत खोल चर पाडला. उतार कमी होत गेला तसं ते डावीउजवीकडे सरकत वळणं घेऊ लागलं. परातीच्या सपाट टोकाला पोचल्यावर त्याने वरून आणलेली सगळी वाळू टाकून दिली आणि आपणच टाकलेल्या ढिगातून वाट काढताना त्याचे चार फाटे झाले.

"बघा," बाई म्हणाल्या. "वर ती फोडते, मध्ये वाहून नेते, खाली टाकते. वरचा उतार उभा, खालचा जवळजवळ सपाट. म्हणून सरळ रेघ चालायची नाही."

पेंटरला काही कळलं नव्हतं, पण तो मान हलवत होता. बायकोला मात्र लख्ख कळलं.

"म्हणजे आमच्या सासऱ्यांसारखंच," ती म्हणाली. "तरुणपणी फोडाफोडी केली, मधल्या वयात या घरचं त्या घरी नेलं, आणि आता जिथे बसतील तिथे पसारा."

"अगदी बरोबर," नकाशाबाई म्हणाल्या.

"माझ्या बापाला नदीत कशाला ओढता?" पेंटर म्हणाला. पण त्याला आता नदी थोडी घरातली वाटू लागली.

त्याने डोंगर रंगवले. गाय काढण्यापेक्षा डोंगर सोपे निघाले; डोंगर कसाही आला तरी कुणाला कुत्रा वाटत नाही. दोन डोंगरांमध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी अरुंद दरी काढताना तर तो खुलला, कारण अक्षर त्याच्या हातातलं होतं. तक्रारीच्या खिडकीशेजारी त्याने धबधबा पाडला. खिडकीवरच्या ताईला तो इतका लाभला, की काय सांगावं. रांगेत उभी असलेली माणसं धबधब्याकडे बघत बघत पुढे सरकायची आणि खिडकीशी पोचेपर्यंत निम्मी आपली तक्रारच विसरलेली असायची.

पण धबधबा म्हणजे मोठी उडी. त्या उडीत नदीची बरीच उंची संपली; नकाशांच्या खोलीच्या चौकटीवरून ती जेमतेम निघाली. हिशेबखात्यापाशी येईपर्यंत पात्र माणसाच्या कमरेएवढं खाली आलं आणि समोर उभं ठाकलं दार. चौकटीच्या वरून नदी न्यावी तर पाण्याला चढावं लागतं, आणि नकाशाबाई समोरच हाताची घडी घालून उभ्या. पेंटरने डोकं खाजवलं. हिशेबनीस त्या दिवशी दाढ काढायला गेले होते. पेंटरने मनाचा हिय्या केला आणि नदी सरळ बंद दारावरूनच रंगवून पुढे काढली. आपल्याच अकलेवर खूश होऊन तो घरी गेला.

हिशेबनीस म्हणजे कचेरीतला सरळ माणूस. काटकुळे, चष्म्याच्या दांडीला दोरा गुंडाळलेला. कचेरीचं पेन खाजगी चिठ्ठीला वापरायचं नाही म्हणून खिशात दोन पेनं ठेवणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी सुजलेला गाल धरून ते आले, त्यांनी आपलं दार आत ढकललं, आणि दाराबरोबर नदीही आत वळली.

चहावाला नेमका किटली घेऊन चालला होता. तो थांबला. दाराकडे पाहिलं, आत पाहिलं, आणि मोठ्यांदा म्हणाला, "अच्छा! पाणी इथे मुरतंय होय!"

व्हरांडाभर जो हशा उठला, त्याने खिडक्यांची तावदानं थरथरली. दुपारपर्यंत ते वाक्य कचेरीभर झालं, संध्याकाळपर्यंत गावभर. वरच्या कचेरीतून फोन आला तोही कामाचा नव्हता. तिथल्या कुणालातरी खातरजमा करायची होती. लोक तक्रार द्यायला यायचे आणि जाता जाता हिशेबखात्याचं दार पाहून जायचे. एका म्हाताऱ्याने तर दार हळूच ढकलून नदी आत जाते की नाही हे स्वतः तपासलं.

हिशेबनिसांनी दार लावून घेतलं. आत ना वारा, ना उजेड. कुणी टकटक केली तर आतून सुजलेला आवाज यायचा, "कागद दाराखालून सरकवा."

"माणसाच्या अब्रूवर ब्रश फिरवलात," बायको घरी म्हणाली. "अहो, तो माणूस उरलेल्या टाचण्यासुद्धा मोजून परत करतो."

पेंटरला रात्री जेवण गेलं नाही. सकाळी तो त्या दारापाशी गेला आणि स्वतःच रंगवलेल्या लाटेवर अलगद टकटक केली.

"कागद दाराखालून सरकवा."

"कागद नाही. मी आहे, पेंटर. माफी मागायला आलोय."

मग दार बोटभर उघडलं. नदीत बोटभर भेग पडली.

"तीस वर्षं," हिशेबनीस म्हणाले. "तीस वर्षं माझ्या वहीत एका पैशाची चूक नाही. आणि काल माझ्या नातीने विचारलं, आजोबा, तुम्ही पाणी खाता का?"

पेंटरला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "सांगा, काय करू?"

"नदी हलवा."

"अहो, नदी कशी हलवणार?"

"नद्या हलतात," शेजारच्या खोलीतून नकाशाबाईंचा आवाज आला. भिंत पातळ होती. "त्यांचा धंदाच आहे तो. भिंतीवर जागा नसेल तर जमिनीवर उतरवा. आता सपाटीच आलीय."

आणि तसंच ठरलं. पेंटरने टर्पेंटाइनने पुढची भिंत आणि दार घासून स्वच्छ केलं. त्याच्या अलीकडेच नदी भिंतीवरून खाली सिमेंटच्या कोब्यावर उतरवली, आणि तिथून पुढे ती व्हरांड्याच्या जमिनीवरून नागमोडी वाहू लागली. वळणांच्या बाबतीत बाई हट्टाला पेटल्या होत्या. पात्राच्या रुंदीच्या दहा-बारा पट लांबीचं वळण हवं म्हणे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात, तिथे काठ कापलेला दाखवा. आतल्या अंगाला मंद, तिथे वाळू. या हिशेबाने पहिलं वळण खिडकीखालच्या बाकड्यापाशी गेलं आणि दुसरं वळण आलं ते थेट हिशेबनिसांच्या उंबऱ्याला खेटून. बाहेरच्या अंगाने.

"म्हणजे माझा उंबरा कापला जाणार?" हिशेबनिसांनी विचारलं.

"निसर्गनियम आहे," बाई म्हणाल्या.

"पाणी उंबऱ्यापर्यंत आलंय," चहावाला जाता जाता म्हणाला. "आत शिरायचंच बाकी आहे." हिशेबनिसांनी पुन्हा दार लावून घेतलं.

पुढे साहेबांच्या दाराशी नदीचे फाटे फुटले आणि समुद्र आला. इथे पुन्हा घोळ. साहेबांना निळंशार पाणी हवं होतं आणि पेंटरने बाईंच्या सांगण्यावरून तपकिरी गाळ रंगवला होता.

"माझ्या दारात चिखल?" साहेब म्हणाले.

"वरून सगळे जे खरवडून देतात ते शेवटी इथेच येऊन बसतं, साहेब," नकाशाबाई म्हणाल्या. "पण सगळ्यात सुपीक जमीन हीच."

साहेबांना हे आपल्या नोकरीचं वर्णन वाटलं. ते हळवे झाले. "राहू दे चिखल," ते म्हणाले, "पण केबिनमध्ये मात्र समुद्र पाहिजे." तेव्हा पेंटरने केबिनची जमीन निळी केली. साहेबांचं टेबल बेटासारखं मधोमध उभं राहिलं.

मग एक गंमत झाली. नदीवर पाय द्यायला कुणी तयार होईना. मनाई कुणी केली नव्हती. रंग दोन दिवसांत वाळला होता. पण चांगली शिकलीसवरलेली माणसं काठाकाठाने चालू लागली, अरुंद जागी ढांग टाकून पलीकडे जाऊ लागली. वळणाच्या आतल्या वाळूवर माणसं साठायला लागली. कुणी तिथे गप्पा मारायला थांबे, कुणी एक मोडकी खुर्ची आणून ठेवली, मग एक जुनं कपाट आलं. बाहेरच्या अंगाने घाईची माणसं भिंतीला खांदे घासत जायची, आणि तिथल्या चुन्याचा पट्टा उडाला. नकाशाबाई दारात उभ्या राहून हे बघत आणि आपल्या वहीत टिपून घेत. साहेबांच्या केबिनमध्ये तर कुणी आतच जाईना. सगळे दारात, म्हणजे किनाऱ्यावर उभे राहून, मोठ्या आवाजात बोलायचे आणि निघून जायचे. साहेबांना पहिले दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच उठून किनाऱ्यावर येऊन बसले.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी पेंटर शेवटचा हात फिरवायला आला. बाकड्याजवळच्या वळणाचं निळं त्याला फिकं वाटलं, म्हणून त्याने तिथे ताज्या रंगाचा थर दिला आणि 'रंग ओला आहे' अशी सुंदर अक्षरातली पाटी ठेवली. पाटी इतकी सुंदर होती, की चहावाला ती वाचत वाचत रंगात उतरला. उतरल्यावर त्याला अर्थ कळला. तो दचकला, आणि काठाने हिशेबनिसांच्या वळणाला वळसा घालायचा सोडून वळणाच्या दोन टोकांमधल्या, गवत रंगवलेल्या निमुळत्या हिरव्या पट्टीवरून तीन ढांगांत आरपार पलीकडे गेला. त्याला वाचवायला धावलेल्या तक्रारीच्या ताई त्याच वाटेने, आणि ताईंच्या मागून साहेबांचा शिपाई.

पेंटर मागे वळून बघतो तो काय! वळण जिथे सुरू होत होतं तिथून जिथे संपत होतं तिथपर्यंत, हिरव्या गवतावरून, निळ्या पावलांचा ठसठशीत पट्टा.

तो मटकन खालीच बसला. उद्या सकाळी मोठे साहेब. पुसावं तर हिरवा जातो, रंगवावं तर वाळत नाही. "सगळ्यावर पाणी फिरलं," तो म्हणाला.

"फिरलं!" नकाशाबाई किंचाळल्या. त्या धावत आल्या होत्या आणि चक्क टाळ्या वाजवत होत्या. "फिरलंच! अहो, असंच तर होतं! वळण वाढत वाढत जातं, मधल्या जमिनीची मान निमुळती होते, आणि एखाद्या पुरात पाणी वळसा सोडून मान तोडून सरळ निघून जातं. तुमच्या नदीला पूर आला, पेंटर!"

"पूर नाही बाई, चहावाला आला."

"मग जुन्या वळणाचं काय होतं?" हा प्रश्न बंद दारामागून आला होता.

"ते मागे राहतं," बाई दाराकडे बघत म्हणाल्या. "दोन्ही तोंडं गाळाने बुजतात आणि चंद्रकोरीसारखं तळं उरतं."

दार उघडलं. हिशेबनीस उंबऱ्यात उभे राहिले. गालाची सूज उतरली होती.

"म्हणजे नदी माझ्या दारातून गेली?"

"गेली."

"कायमची?"

"परत यायला तिला काही हजार वर्षं लागतील."

"आणि तळ्यातलं पाणी कुठे जातं?"

बाईंनी विचार केला. "वाहून कुठेच जात नाही. पावसाचं येतं, उन्हाने उडतं."

"जितकं येतं तितकंच?"

"साधारण."

हिशेबनिसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे जमाखर्च जुळतो," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

पेंटरने निळी पावलं जोडून घेऊन सरळ पात्र केलं. जुन्या वळणाची दोन्ही तोंडं वाळूच्या रंगाने बुजवली. बायकोने मागणी नसताना तळ्याच्या कडेने लव्हाळी रंगवली आणि ती त्याच्या सगळ्या डोंगरांपेक्षा चांगली आली. ते त्याने खुल्या दिलाने मान्य केलं. घरी गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. भारी कोट, मागे दहा माणसांचा लवाजमा, चेहऱ्यावर अशा समारंभांचा कंटाळा. डोंगर पाहून "हं" म्हणाले, धबधबा पाहून "हंहं" म्हणाले. मग नदी जमिनीवर उतरली तिथे ते अडले. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, आपल्या चकचकीत बुटांकडे पाहिलं, आणि कुणाला काही कळायच्या आत कोटाची टोकं दोन्ही हातांनी उचलून टुणकन पलीकडे उडी मारली. त्यांच्या मागून लवाजम्याने एकेक करत उड्या मारल्या. शेवटच्या जाड्या गृहस्थांची उडी कमी पडली तेव्हा व्हरांडाभर "अरेरे" झालं, आणि ते गृहस्थही खरोखर भिजल्यासारखे पाय झटकू लागले.

हिशेबखात्यापाशी मोठे साहेब थांबले. "आणि हे काय?"

हिशेबनीस दारातच उभे होते. "तळं आहे, साहेब," ते म्हणाले. "नदी आधी इथून जात होती. आता तिचा आमच्या खात्याशी काही संबंध नाही." आणि त्यांनी मान तुटण्यापासून गाळ बसेपर्यंतचा सगळा प्रकार इतका खुलासेवार सांगितला, की नकाशाबाई मागे उभ्या राहून ओठ हलवत प्रत्येक वाक्य तपासत होत्या. चहावाला तोंड उघडणार होता, पण पेंटरच्या बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने ते किटलीच्या झाकणासारखं मिटलं.

समारंभ पार पडला, भाषणं झाली, पाहुणे पुन्हा उड्या मारत परत गेले. पेंटर डबे आवरत होता, तेवढ्यात हिशेबनिसांनी आतून दोन खुर्च्या आणून तळ्याच्या काठावर मांडल्या. दार त्यांनी सताड उघडं टाकलं होतं. खोलीत वारा खेळत होता.

"बसा," ते म्हणाले. "चहा सांगितलाय. माझ्या खिशातून."

पेंटर बसला. दोघांनी पाय तळ्याला लागणार नाहीत अशा बेताने मागे घेतले आणि पाण्याकडे बघत राहिले.